टाकीतला थर

"पाय धुवा, बाई, मग आत उतरा," भूपालआण्णा म्हणाले.

चपला मी आधीच काढल्या होत्या. तरी त्यांनी तांब्यानं माझ्या पायांवर पाणी ओतलं, धुतलेला पंचा पुढं केला आणि माझे पाय पुसून होईपर्यंत टाकीच्या तोंडाशी गाभाऱ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या पुजाऱ्यासारखे उभे राहिले. मग बाजूला झाले. मी बॅटरी घेऊन आत शिरले.

पाच हजार लिटरची आडवी स्टीलची टाकी होती ती. आत ताठ उभं राहता येत नसे, गुडघ्यांवर रांगावं लागे. करंजओढ्याच्या आमच्या चिलिंग सेंटरात आसपासच्या बावीस गावांचं दूध कॅनमधून यायचं, गार होऊन या टाकीत थांबायचं आणि दिवसातून दोनदा टँकरनं शहरातल्या मुख्य डेअरीला जायचं. ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. दुधातल्या जंतूंचा हिशेब ठेवणं हे माझं काम होतं आणि टाकी धुणं हे भूपालआण्णांचं. त्या महिन्यात आमचे तीन टँकर मुख्य डेअरीनं जंतू फार म्हणून परत पाठवले होते. म्हणजे दोघांपैकी एकाचं काम चुकत होतं, आणि ते माझं चुकत नाही याची मला बालंबाल खात्री होती.

आत शोधायला गेले ती घाण, आणि दिसला माझाच चेहरा. टाकी लखलखत होती. मी बॅटरी फिरवली, कोपरे पाहिले, दूध बाहेर पडतं त्या नळाच्या तोंडात बोट घातलं. कुठं डाग नाही, वास नाही. बोट मात्र जरा गुळगुळीत ठिकाणावरून घसरल्यासारखं वाटलं. पण स्टील गुळगुळीत असायचंच, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

बाहेर आले तेव्हा भूपालआण्णा कॅन ठेवायच्या कट्ट्यावर बसले होते. काही सापडलं का, हे त्यांनी विचारलं नाही. साठीला टेकलेला, उंच, हाडकुळा माणूस. भूपाल आण्णा मगदूम हे त्यांचं नाव. त्यांतला आण्णा खरं तर वडील, पण सेंटरात सगळे त्यांनाच आण्णा म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं आणि चार महिने राहिले होते. एकोणीस वर्षं रोज दोनदा ही टाकी त्यांनी धुतली होती, आणि आमचे केंद्रप्रमुख घाटगेसाहेब यांनी त्यांना आदल्याच दिवशी मेमो दिला होता. आणखी एक टँकर परत आला तर कामावरून कमी करण्यात येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"धुता ना नीट?" मी विचारलं. मी चोवीस वर्षांची होते. बापाच्या वयाच्या माणसाला असं विचारताना जीभ अडखळायला हवी होती, पण माझी सरळ वळली.

"तुमी लिवलंय तसंच धुतोय," ते भिंतीकडं बोट करून म्हणाले.

भिंतीवर माझ्याच हातची सूचना होती. लाल शाईत, ठळक अक्षरात. टाकी रिकामी होताच ताबडतोब उकळत्या पाण्याने धुवावी, नंतर सोडा, नंतर पुन्हा उकळते पाणी. खाली माझी सही, सु. आठल्ये.

ती सूचना मी चैत्रात, नोकरीला लागल्यावर पंधराच दिवसांत लावली होती. त्याआधी आण्णा टाकी रिकामी झाली की आडाच्या गार पाण्यानं घटकाभर धूत बसायचे, अगदी पाणी निवळशंख येईपर्यंत. सोडा आणि गरम पाणी त्यानंतर. मला ते बघवलं नाही. एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेली मी. जंतू उष्णतेनं मरतात हे आठवीतल्या पोराला ठाऊक असतं आणि इथं बॉयलर शेजारी असताना हा माणूस गार पाणी ओततोय. मी सूचना लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. "वाद नको, आण्णा, लिहिलंय तसं करा," मी म्हणाले. त्यांनी तोंड मिटलं आणि त्या दिवसापासून उकळतं पाणी सुरू झालं.

गंमत म्हणजे पहिला महिना गुण आला. दूध चांगलं की वाईट हे बघायची एक साधी परीक्षा असते. नळीतल्या दुधात निळ्या रंगाचे थेंब टाकायचे आणि नळी कोमट पाण्यात उभी करायची. जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. आमच्या दुधाचा रंग पाच तासांच्या जागी सहा तास टिकायला लागला. घाटगेसाहेबांनी मुख्य कार्यालयाला कळवलं, तिथून माझ्या नावे शाबासकीचं पत्र आलं. मी ते सांगलीला घरी पाठवून दिलं आणि आईनं ते शेजारीपाजारी दाखवलं.

ज्येष्ठात रंग चार तासांवर आला, आषाढात तीन. मी पाणी आणखी कढत करायला सांगितलं. श्रावणात दोन तासांत नळी पांढरी पडायला लागली आणि भाद्रपद उजाडला तो टँकर परत येऊ लागले. दुधाची गाडी परत येते तेव्हा बावीस गावांना ते कळतं. गावच्या डेअऱ्यांवर बायाबापड्या विचारायच्या, आमच्या म्हशींचं दूध असं कसं नासतंय. कुणीतरी म्हणालं, भूपाल म्हातारा झालाय, त्याच्यानं आता हात चालत नाही. हे बोलणं आण्णांच्या कानावरही गेलं.

मला त्यांची कीव यायची. खरंच यायची. पण ती आगगाडीच्या खिडकीतून बाहेरच्या माणसाची यावी तशी होती.

टाकीत शिरले त्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णा कामावर आले नाहीत. रजेचा अर्ज शेजाऱ्याबरोबर पाठवला होता. मी संध्याकाळचं दूध यायच्या आत त्यांच्या घरी गेले. मनात हेतू फार उमदा नव्हता. घरच्या माणसासमोर सैल बोलतील, सोडा कमी घालतो किंवा एखादी पाळी टाळतो असं काही कबूल करतील, असं मला वाटत होतं.

घर सेंटरच्या मागच्या आळीत होतं, दोन खोल्यांचं. आण्णा बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. जैनांचे पर्युषणाचे दिवस होते, आणि ते दिवसातून एकदाच जेवत होते. तेवढ्यानं अंगातलं उरलंसुरलंही गेल्यासारखं दिसत होतं. मला बघून उठले, चटई सरकवली आणि पुन्हा बसले. त्यांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, मला आत बोलावलं.

"त्यास्नी आज बोलायला लावू नगा," त्या हळूच म्हणाल्या. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणत्यात. माझ्या हातानं दूध नासलं म्हणून जायला नगो, एवढंच घोकायलेत."

त्यांनी माझ्यासाठी दूध तापवलं, कॉफी केली. मी स्वयंपाकघरातच पाटावर बसून प्यायले. पद्माक्का मग डाळ निवडायला बसल्या. एवढं करून घेतल्यावर नुसतं बसून राहणं मला बरं वाटेना. मी दुधाचं रिकामं पातेलं उचललं, मोरीपाशी नेलं, आणि चुलीवर आधण उकळत होतं त्यातलं दोन भांडी पाणी त्यात ओतलं.

"अगं अगं पोरी, काय करतीस?" पद्माक्का डाळ तशीच टाकून आल्या. पातेलं माझ्या हातून काढून घेऊन त्यांनी ते पाणी फेकून दिलं. "दुधाच्या भांड्यात कुणी कढत घालतंय व्हय? शिजून बसतंय की ते. आधी गार पाणी, हातानं चोळून. मग काय ते कढत."

त्यांनी पातेलं माझ्या नाकासमोर धरलं. आतून चकचकीतच दिसत होतं. त्यांनी नखानं ओरखडा काढला तेव्हा नखाखाली पांढरट, बारीकसा पापुद्रा आला.

"आईनं शिकिवलं न्हाई?" त्यांनी हसत विचारलं.

आईनं शिकवलं नव्हतं, कारण आमच्याकडं भांडी घासायला बाई होती. आयुष्यात मी दुधाचं पातेलं घासलं नव्हतं. पण त्या पापुद्र्यावरून माझी नजर हटेना. कारण पुढचं मला शिकवलेलं होतं, आणि चांगलं शिकवलेलं होतं.

सुटा जंतू बिचारा असतो. पाण्याची धार आली की वाहून जातो. पण त्याला बूड टेकायला काही मिळालं, दुधाचा असा शिजलेला पापुद्रा मिळाला, की तो आधी नुसता टेकतो, मग धरून बसतो, मग स्वतःभोवती बुळबुळीत चिकट गिलावा करून त्यात घर करतो. त्याच्या शेजारी दुसरा येतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जे लागतं ते तेच. वरून सोडा गेला, कढत पाणी गेलं, तरी वरचे चार मरतात आणि खालचे तसेच राहतात. मग पुन्हा वर दूध शिजतं आणि पुन्हा थर बसतो. मी उकळत्या पाण्यानं टाकी धूत नव्हते. रोज दोन वेळा त्या जंतूंच्या घरांना एकेक मजला चढवत होते.

आणि ज्याला हे ठाऊक होतं तो पलीकडच्या खोलीत बसला होता. मध्ये दार उघडंच होतं. पद्माक्कांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. मी येते म्हणाले आणि निघाले.

सेंटरवर येऊन मी टाकीच्या नळाच्या तोंडात, ज्या ठिकाणी बोट घसरलं होतं तिथं, चाकूचं टोक फिरवलं. चिमूटभर पांढरट खरड निघाली. काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जंतू जत्रेतल्या गर्दीसारखे होते, एकमेकांच्या खांद्यांवर बसलेले. शंकेला जागाच उरली नाही.

आता यानंतर मी काय केलं ते सांगायला हवं. एवढी वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी प्रयोगशाळेतून टाकीच्या खोलीत गेले आणि भिंतीवरची माझी सूचना काढली. खळ चांगली लागली होती, कागद निघेना. पाण्याचा हात लावून, कोपरे नखानं खरवडून, मी तो पूर्ण काढला. खाली लाल शाईचा किंचित डाग राहिला तोही पुसला. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. माझी नोकरी कायम व्हायची होती. मुख्य कार्यालयाचा माणूस चौकशीला येणार अशी कुणकुण होती. घरी आईनं शाबासकीचं पत्र चौकटीत लावायला टाकलं होतं. त्या दहा मिनिटांत मला आण्णांची आठवण झाली नाही असं नाही, झाली. पण हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं की यापुढं आधी गार पाणी वापरा. ते बरं म्हणाले. भिंतीच्या रिकाम्या जागेकडं त्यांनी एकदा पाहिलं. पण पाच महिन्यांचा थर गार पाण्यानं थोडाच निघणार होता? दोन दिवसांनी चौथा टँकर परत आला.

घाटगेसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. विलासराव घाटगे माणूस वाईट नव्हता. वरून दट्ट्या आला की तो खालच्यावर ढकलून मोकळा व्हायचा, एवढंच. टाकीच्या खोलीत ते वर्षातून दोनदा जात, पाहुणे आले तर. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. टाकीच्या सफाईत माझ्या हातून कसूर झाली, तिची सर्व जबाबदारी माझी आहे, असा मजकूर होता.

"आण्णा, वाचून घ्या," घाटगे म्हणाले. "तुम्ही आपणहून कबूल केलंत तर मी वर शब्द टाकीन. काढून टाकण्याऐवजी लवकर निवृत्ती देतील. नाही म्हणालात तर चौकशी लागेल, आणि मग माझ्या हातात काही नाही. कसूर झाली की नाही?"

आण्णांनी कागद वाचला. सावकाश, ओठ हलवत वाचला. मी शेजारी उभी होते. पर्स खांद्याला होती, आणि पर्समध्ये तो घडीचा कागद.

"टाकी माझ्या हातानं खराब झाली, हे खरं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

"मॅडम, तुमचं काही म्हणणं?" घाटग्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, आणि तो शब्द "नाही" हा होता.

गणपती बोळवले की टँकरबरोबर कागद वर पाठवतो, असं घाटगे म्हणाले. आम्ही बाहेर आलो. आण्णा टाकीकडं गेले, मी प्रयोगशाळेत. त्यानंतरचे तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मी स्वतःची समजूत घालत होते. ते माझ्यासाठीच गप्प बसले, लेकीसारखं मानतात, त्यांची दोनच वर्षं राहिलीत आणि माझी पस्तीस. अशा समजुती माणसाला फार सहज सुचतात. आणि खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याच्या मोठेपणानं माझे डोळेही भरून आले होते. स्वतःच्या भित्रेपणावर पांघरूण घालायला दुसऱ्याच्या मोठेपणाइतकं चांगलं कापड नाही.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध उतरून झाल्यावर आण्णा धुतलेलं धोतर, पांढरी टोपी अशा वेशात सेंटरवर आले. पर्युषण संपलं की जैन मंडळी ओळखीच्या प्रत्येकाकडं जाऊन क्षमा मागतात. आधी फाटकावरच्या राखणदाराकडं गेले, मग कॅन उतरवणाऱ्यांकडं, मग घाटग्यांच्या केबिनमध्ये. शेवटी माझ्या दारात आले. हात जोडले.

"उत्तम क्षमा, बाई. वर्षात मनानं, बोलण्यानं, अंगानं, कळत न कळत तुमचं काही वाईट केलं असंल तर क्षमा करा."

यावर उलट तसंच म्हणायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मला ते म्हणवेना. मी खुर्चीत बसले आणि रडू आवरत म्हणाले, "आण्णा, तुम्ही सही का केलीत? तुम्हाला सगळं माहीत होतं. माझ्यासाठी गप्प बसलात ना?"

त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुमच्यासाठी? न्हाई वो."

"मग?"

ते आत आले. बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

"चैत्रात तुमी मला दटावलं, आठवतंय? मी सांगायलो हुतो, बाई, आधी गार पाणी पायजे. तुमी बोलू दिलं न्हाई. पोरीसोरीनं चार मानसांत गप बशिवलं, मला राग आला. म्हटलं, शिकलेली हाय न्हवं? करू दे तिच्या मनासारखं. बसू दे थर. मग येईल विचारत." हातातली टोपी त्यांनी फिरवली. "पाच महिनं मी रागानं कढत पाणी ओतलं. थर बसताना बोटाला लागत हुता मला. रोज लागत हुता. बावीस गावचं दूध त्या टाकीत यायचं, आन मी तुमची वाट बघत बसलो हुतो. ह्याची क्षमा मागायलोय मी. नुसतं रीत म्हणून न्हाई."

"पण सूचना माझी होती," मी कशीबशी म्हणाले. "चूक माझी होती."

"तुमास्नी ठावं नव्हतं," ते म्हणाले. "मला ठावं हुतं. ठावं नसताना केलं तर ती चूक. ठावं असून गप बसला, त्याला चूक म्हणत न्हाईत. म्हणून सही केली."

त्यांना मला टोमणा मारायचा नव्हता. ते स्वतःबद्दलच बोलत होते, डोळे खाली घालून, टोपी चाचपत. पण मला कुणी फाडकन तोंडात मारावी तसं झालं. मला ठाऊक होऊन आठवडा झाला होता.

"मी क्षमा केली, आण्णा," मी म्हणाले. "तुम्ही इथंच थांबा."

घाटगेसाहेब टँकरच्या कागदपत्रांवर सह्या करत होते. ड्रायव्हर बाजूला उभा होता. मी पर्समधून सूचना काढली, घडी उलगडून त्यांच्यापुढं ठेवली, आणि सगळं सांगितलं. कढत पाणी, पापुद्रा, काचपट्टी, आणि कागद भिंतीवरून कुणी काढला तेही. एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबले नाही.

घाटग्यांनी ड्रायव्हरला बाहेर जायला सांगितलं.

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय का, मॅडम?" त्यांनी विचारलं. "तुमची नोकरी अजून कायम नाही. आणि मी तुमच्या नावानं शाबासकी मागवली होती. माझीही मान अडकवताय तुम्ही."

"हो, साहेब."

"त्याची सही झालीय. प्रकरण मिटलंय."

"टाकी अजून तशीच आहे, साहेब," मी म्हणाले. "आण्णांना घरी पाठवलंत तरी पाचवा टँकर परत येईल."

पाचवा टँकर हा शब्द त्यांना बरोबर कळत होता. त्यांनी आण्णांचा कागद ट्रेमधून काढला, माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि आत्ता सांगितलं ते लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. यथावकाश वरून निकाल आला. आण्णांचा मेमो रद्द झाला. माझी नोकरी कायम होणं वर्षभर लांबलं, आणि माझ्या फायलीत जो ताशेरा लागला तो मी नोकरी सोडेपर्यंत तिथं होता. आईनं चौकट आणलीच नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा आण्णा माझ्या दारातच उभे होते, थांबा म्हटलं होतं तसे. मी त्यांच्यासमोर गेले आणि हात जोडले. काय केलं ते त्यांना सांगितलं. मी आठवडाभर गप्प बसले, तुमच्या सहीच्या वेळीही गप्प बसले, मला क्षमा करा, असं म्हणाले. आता ते डोक्यावर हात ठेवतील, काहीतरी प्रेमाचं बोलतील, असं मला वाटलं. तशी मी वाटच बघत होते.

आण्णांनी ऐकून घेतलं. मग टोपी डोक्यावर ठेवली.

"आत्ता न्हाई, बाई," ते म्हणाले. "आधी टाकीतला थर निघू दे."

आणि ते धोतराचा काचा मारत टाकीकडं निघाले. मी मागोमाग गेले.

थर निघायला अकरा दिवस लागले. सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या मध्ये टाकी रिकामी असे तेवढाच वेळ मिळायचा. आधी गार पाणी, मग सोडा, मग पाणी, मग ॲसिड, मग पुन्हा पाणी. कोपऱ्यांत आणि सांध्यांत ब्रशच लागायचा. आण्णांचे गुडघे दुखत, म्हणून आत मी रांगायची आणि ते तोंडाशी बसून उजेड धरायचे. डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता, त्यांचा तर नव्हताच. ते मला बोटाच्या पोटानं बघायला शिकवत. इथं घसरतंय, अजून हाय. इथं रखरखतंय, इथं निघालं. चुकलं तर सरळ म्हणत, असं काय म्हशीगत घासताय. गोड एक शब्द नाही. माझी नखं गेली, हातांना सोड्यानं चिरा पडल्या. पद्माक्का संध्याकाळी खोबरेल पाठवायच्या.

बाराव्या दिवशी सकाळी मी टाकीतल्या दुधाची नळी कोमट पाण्यात उभी केली. दोन तास झाले, तीन झाले. चौथ्या तासाला मी जेवायला गेले नाही. पाचव्या तासाला घाटगे एकदा डोकावून गेले. नळी निळी होती.

साडेपाच तास झाले तेव्हा आण्णा आले. टाकीची पाळी उरकून आले होते, हात ओले होते. ते वाकले आणि नळीकडं बराच वेळ बघत राहिले. मग धोतराला हात पुसले आणि माझ्या डोक्यावर ठेवले.

"आता केली," ते म्हणाले.